अपीलनाना

नकार पचवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. नोकरी नाकारली, स्थळ नाकारलं, कर्ज नाकारलं, तरी "जाऊ दे, नशिबात नव्हतं" म्हणून ती पुढच्या एसटीत बसतात. हमरापूरचे नाना त्या एसटीत कधी चढले नाहीत. नकाराचं पत्र हातात आलं की त्यांचा चेहरा उजळतो, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो आणि ते पत्र शेवटाकडून वाचायला घेतात. वरचा मजकूर नंतर. "या आदेशाविरुद्ध अमुक दिवसांत अमुक अधिकाऱ्याकडे अपील करता येईल" ही ओळ कुठे आहे, ते आधी. ती सापडली की नाना कागद मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "मग काय, काम झालंच."

गाव त्यांना अपीलनाना म्हणतं. तोंडावरही म्हणतं. नानांना त्यात पदवीदान वाटतं.

पनवेलकडून पेणला जाताना महामार्गावर हमरापूर फाटा लागतो. रेल्वेने आलात तर रोह्याच्या गाडीला पेणच्या अलीकडचं स्टेशन. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने इतके, की नवख्या माणसाला घर कुठे संपलं आणि कारखाना कुठे सुरू झाला ते कळत नाही. ओटीवर गणपती, माळ्यावर गणपती, मोरीच्या वाटेवर गणपती. नानांचं 'ऑफिस' पुतण्याच्या कारखान्याच्या पडवीत आहे. एक टेबल, एक खुर्ची, पक्षकारांसाठी एक बाकडं, आणि मागे रंग न लागलेल्या मूर्ती रांगेने. आखणी व्हायची असल्यामुळे त्यांना अजून डोळे नाहीत. नानांचा युक्तिवाद त्या तासन्‌तास ऐकतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. नाना म्हणतात, महसूल आयुक्तांसमोर बोलायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही.

नाना मूळचे सरकारी. कुठल्याशा तालुक्याच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. लोकांना वाटतं, अर्ज साहेब नामंजूर करतात. साहेब फक्त सही करतात; "सबब, अर्जदाराची विनंती मान्य करता येत नाही" हे वाक्य कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. नानांची हयात ते वाक्य लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यावर सवयीने त्यांनी पेन उघडलं, तर समोर फाईल नव्हती. मग त्यांनी त्याच वाक्याच्या विरुद्ध बाजूने लिहायला सुरुवात केली. कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी याला फितुरी म्हटलं. नाना याला अनुभव म्हणतात. कुठला नकार कुठे कच्चा शिवलेला असतो हे शिवणाऱ्याइतकं कोणाला कळणार?

काकूंचं म्हणणं असं, की हा रोग नोकरीच्याही आधीचा. नानांनी त्यांना मागणी घातली तेव्हा त्यांच्या वडिलांनी सरळ नाही सांगितलं. नानांनी चौकशी केली, वडिलांच्या वर कोण? तर आजोबा होते, वाशी नाक्याजवळच्या मळ्यावर. नाना तिथे गेले. आजोबांनी मूळ आदेश रद्द केला. "आणि माझ्याकडे कुणी विचारायलाबी आलं नाय," काकू चहा ठेवता ठेवता सांगतात. नाना यावर म्हणतात, "तू त्रयस्थ पक्षकार होतीस."

नानांच्या मते जग ही एक शिडी आहे. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा फतवा आहे, पण नाना जुन्या नावालाच अपील करतात), त्यावर मंडळ अधिकारी, त्यावर तहसीलदार, त्यावर पेणचे प्रांत, त्यावर अलिबागला जिल्हाधिकारी, त्यावर बेलापूरला कोकण भवनात आयुक्त, त्यावर मंत्रालयात मंत्री, मंत्र्यांच्या वर उच्च न्यायालय. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २४७, अपील. कलम २५०, मुदत. कलम २५७, पुनरीक्षण. ही कलमं नाना रामरक्षेच्या चालीवर म्हणतात. पनवेल ते इंदापूर महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये निघालं तेव्हापासून नानांच्या बाकड्यावर जागा मिळेनाशी झाली. कोणाचं झाड मोजणीत आलं नव्हतं, कोणाची विहीर नकाशात शेजाऱ्याच्या नावावर होती. रस्ता रखडला, पण नानांचं काम एक दिवस रखडलं नाही. माहितीचा अधिकार आला तेव्हा तर त्यांना सणच होता: दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत पहिलं अपील, नव्वद दिवसांत दुसरं. कायद्यातच अपील क्रमांक घालून दिलेलं पाहून त्यांनी त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले.

अशा माणसाच्या बाकड्यावर व्हिसा येऊन बसला.

आता हे होणारच होतं. बापाने साच्यातून मूर्ती काढल्या, मुलाने बारावीनंतर पनवेलला इंजिनिअरिंग केलं, आणि मुलगा किंवा मुलगी आता मास्टर्सला बाहेर निघाली, हा प्रकार या पट्ट्यातही सुरू झाला आहे. कारखानदाराला परदेश नवा नाही. त्याचे गणपती दरवर्षी लंडनला जातात, अमेरिकेला जातात, मॉरिशसला जातात. समुद्रमार्गे जायचे म्हणून उन्हाळ्याच्या आत खोकी भरावी लागतात, खोक्याच्या लाकडावर कीड मारल्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो, यादी जोडावी लागते, की झालं. नाना यावर फार चिडतात. "गणपतीला कोणी विचारतं का, तू परत येणार का? तो तर परत न येण्याच्याच बोलीवर जातो! तिकडेच जातो, तिकडेच बुडतो. आणि आमच्या पोराने लेखी दिलं, की शिकून दोन वर्षांनी येतो, तरी विश्वास नाही."

पहिलं प्रकरण अमेरिकेचं आलं. जोह्याचा एक मुलगा बीकेसीच्या वकिलातीत गेला, खिडकीशी उभा राहिला, पलीकडच्या बाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि एक छापील चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर कलम होतं: २१४ (ब). नानांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. कलम आहे म्हणजे कायदा आहे, कायदा आहे म्हणजे अपील आहे. त्यांनी पुतण्याकडून चिठ्ठीचं भाषांतर करून घेतलं. १९५२ चा कायदा. अर्थ असा, की अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असं आम्ही गृहीत धरतो. तसं नाही हे त्याने आमची खात्री पटेल असं दाखवावं. आणि खाली लिहिलेलं, या निर्णयावर अपील नाही. वाटल्यास पुन्हा अर्ज करा, पुन्हा फी भरा.

नानांनी ती ओळ तीन वेळा वाचून घेतली. मग पुतण्याचं इंग्रजी कच्चं आहे असा निष्कर्ष काढून पेणच्या एका निवृत्त हेडमास्तरांकडून वाचून घेतली. हेडमास्तरांनीही तेच वाचलं.

"मग त्या बाईंच्या वर कोण?"

"कोणी नाही, नाना."

"वकिलातीच्या वर?"

"त्यांचं परराष्ट्र खातं. पण ते या निर्णयात पडत नाही."

"कोर्ट?"

पुतण्याने मोबाईलवर शोधून सांगितलं, की त्यांच्या सुप्रीम कोर्टानेच जून २०२४ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय, वकिलातीतल्या अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला तर न्यायालयाने सहसा त्यात हात घालायचा नाही. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्याच्या वर कोणी नाही असा अधिकारी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मंत्र्यांच्या वरही त्यांनी राज्यपालांना दोनदा पत्रं पाठवलेली. संध्याकाळी काकूंना म्हणाले, "त्या बाईंना स्वतःला किती एकटं वाटत असेल गं."

पण नाना खचणारे नव्हेत. त्यांनी देशांचा अभ्यास सुरू केला. इतरांना देश आठवतात ते राजधानीवरून, हवेवरून, तिथे असलेल्या मावसभावावरून. नानांच्या वहीत देश लावले आहेत ते अपिलावरून. ऑस्ट्रेलिया: अर्जाची फी सगळ्यांत जबर, २०२५ मध्ये दोन हजार डॉलर, आणि बाहेरून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा फेरतपासणीचा हक्कच नाही. नानांनी शेरा मारला, "घेतात दोन हातांनी, ऐकत नाहीत एका कानाने." कॅनडा: सरळ फेडरल कोर्ट, साठ दिवसांची मुदत. इथे नाना सुखावले. साठ दिवस म्हणजे आपल्या प्रांताइतकीच मुदत, म्हणजे माणसं समंजस. पण खाली कळलं, की कोर्टाने आधी प्रकरण ऐकायची परवानगी द्यावी लागते, आणि जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पुन्हा पाठवतं. "फेरचौकशीसाठी परत," नाना मान डोलावत म्हणाले. "आपल्याकडेही हेच करतात. फक्त आपल्याकडे त्याला वकिलाची फी डॉलरमध्ये पडत नाही."

जर्मनीवर मात्र नानांचा जीव जडला. जर्मनीत नकार आला की महिन्याभरात साधं पत्र लिहायचं, फी एक पैसा नाही, आणि त्यांच्या वकिलातीने तो निर्णय पुन्हा तपासायचा. या पत्राला त्यांच्याकडे एक लांबलचक नाव होतं. नानांनी ते पाठ केलं आणि कारखान्यातल्या कारागिरांकडूनही पाठ करून घेतलं. तीन जर्मन पत्रांचे मसुदे तयार झाले. एक तर इतका सुंदर उतरला, की अर्जदार नसतानाही नानांनी तो फाईलला लावून ठेवला. कधीतरी कोणाला तरी जर्मनी नकार देईलच. आणि १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता एक तर नवा अर्ज, नाही तर थेट बर्लिनचं कोर्ट. काकू म्हणतात, पुतण्याने बातमी वाचून दाखवली तेव्हा यांनी दोन दिवस दाढी केली नाही.

ते वर्षच नानांना वाईट गेलं. त्याच २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. ज्या माणसाने पोचपावतीच्या गुलाबी कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवले आहेत, त्याला हा घाव कसला होता ते तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. एकच गोष्ट त्या वर्षी नानांच्या बाजूने घडली. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२० च्या नियमावलीमुळे प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची टांगती तलवार होती, मूर्तिकार उच्च न्यायालयात गेले, आणि ९ जूनला कोर्टाने मूर्ती बनवायला वाट मोकळी केली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र तेव्हा नाही म्हटलं. खटला नानांनी चालवला नव्हता, पण पट्ट्यात कोणी "अपील करून काय होतं?" म्हटलं, की नाना मागच्या मूर्तींच्या रांगेकडे बोट दाखवतात. "हे सगळे कशावर उभे आहेत? प्लास्टरवर? छे! याचिकेवर."

त्या हंगामात कळव्याच्या एका कारखानदाराची मुलगी नानांकडे आली.

मुलगी हुशार. शाळेत असल्यापासून बापाच्या परदेशी खोक्यांची यादी तीच लिहायची. कोणत्या आकाराच्या मूर्तीला किती पेंढा, एका कंटेनरमध्ये किती खोकी, सगळं तोंडपाठ. तिला इंग्लंडात लॉजिस्टिक्समध्येच मास्टर्स करायचं होतं. विद्यापीठाने घेतलं, अर्ज गेला, नकार आला. कारण एका ओळीचं. इंग्लंडचा नियम असा, की उरलेली फी आणि राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत, एक दिवसही खाली जाता कामा नये. बापाने पैसे ठेवले होते. पण ठेवले जुलैत! गणपतीच्या तोंडावर कारखानदाराच्या खात्यात पैसा २८ दिवस पडून राहणार ही कल्पना ज्या साहेबाला सुचली, त्याने हमरापूर पाहिलेलं नव्हतं हे नक्की. पहिले दोन आठवडे निभावले. मग कारागिरांचा पगार, टेम्पोची उचल, आणि एका बुधवारी दुपारी रंगाच्या व्यापाऱ्याचा चेक वटला. गुरुवारी मुंबईच्या एका मंडळाचे पैसे जमाही झाले. पण बुधवार तो बुधवार.

"तरी मी बाबांना सांगितलेलं," मुलगी म्हणाली, "सगळे पैसे एका खात्यात आणा म्हणून."

बाप गप्प. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले तेव्हापासून या तालुक्यात एका खात्यात सगळे पैसे ठेवणारा माणूस भाबडा समजला जातो. त्याचे पैसे चार बँकांत, दोन पतपेढ्यांत आणि एका न बोलायच्या ठिकाणी होते.

नानांनी पत्र शेवटाकडून वाचलं. आणि पडवीतून अशी आरोळी आली, की कंप्रेसर चालवणाऱ्या पोराने गन बंद केली. "आहे! आहे! इंग्लंडात आहे!"

होतं खरं. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू. मुदत २८ दिवस, फी ८० पौंड, आणि दुसरा अधिकारी ती फाईल पुन्हा बघणार. नानांचे डोळे पाणावले. "शेवटी इंग्रज तो इंग्रज. आपल्याला अपील शिकवलं कोणी? त्यानेच. अमेरिका काय, काल आलेली." मग त्यांना आपल्या जिल्ह्याचा अभिमान दाटून आला. "रोह्याचे सी. डी. देशमुख केंब्रिजला गेले. वडील रोह्याला वकील. त्यांना कोणी म्हणालं होतं का, २८ दिवस पैसे हलवू नका? गेले, आणि १९१८ ला आयसीएसला पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! सगळ्या बँकांची स्टेटमेंटं त्यांच्या हाताखाली!" त्या काळी आपण त्यांच्याच साम्राज्याची प्रजा होतो, त्यामुळे प्रश्नच वेगळा होता, असं मी म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "तो मुद्दा आपण आपल्या अर्जात घेऊ."

मसुदा रात्रभर चालला. सकाळी नानांनी तो मोठ्याने वाचला. "मा. व्हिसा अधिकारी सो., युनायटेड किंगडम, यांचे सेवेशी. विषय: व्हिसा नाकारल्याचा अन्यायकारक आदेश रद्दबातल होणेबाबत. अर्जदार ही एका गरीब व होतकरू मूर्तिकाराची कन्या असून, घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची..."

"नाना," मुलगी मध्येच म्हणाली, "हलाखीची लिहिलंत तर कायमचा नाकारतील. आपल्याला पैसे आहेत असं दाखवायचंय."

इथे नानांच्या लेखणीचं खरं दुखणं बाहेर पडलं. महाराष्ट्रात अर्ज करायचा तो गरिबीच्या पायावर. अल्पभूधारक, अत्यल्प उत्पन्न, घरात कमावता एकच, तोही आजारी. नानांची सगळी वाक्यं दारिद्र्यरेषेच्या खालून सुरू होतात. फीची सवलत असो, वसतिगृह असो, आपला बाप किती गरीब आहे हे पटवण्यात आपलं शिक्षण पार पडतं. आणि व्हिसाच्या खिडकीपाशी अचानक तोच बाप श्रीमंत असावा लागतो. या मुलीच्याच फाईलमध्ये दोन कागद शेजारी शेजारी होते. एक कॉलेजच्या सवलतीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला. तो वाचला तर घरी चूल पेटते याचंच नवल वाटावं. दुसरा सीएने दिलेला मालमत्तेचा दाखला, त्यात वाडी, कारखाना, घर, दागिने मिळून आकडा कोटीच्या पलीकडे. दोन्हींवर नाव एकच, शिक्के खरे. नानांनी दोन्ही कागद हातात धरून तोलले. "हा माणूस इथून विमानतळावर जाईपर्यंत श्रीमंत होतो," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'सधन' हा शब्द लिहिला. अक्षर थोडं कापलेलं होतं.

मग जोडपत्रं. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, मुलीचा दहावीचा सत्कार झाला त्याचा फोटो, सरपंचांचं पत्र, आणि गणपतीच्या हंगामात पैसा हलतोच असा ग्रामसभेचा ठराव. हा ठराव नानांनी खरोखर मांडून घेतला. मी हजर होतो. एका म्हाताऱ्याने विचारलं, इंग्लंडला आपल्या ग्रामसभेचा ठराव बंधनकारक आहे काय? नानांनी सांगितलं, २००८ मध्ये पेणच्या २२ गावांनी सेझला जमीन द्यायची का यावर मतदान केलं, तेही कोणाला बंधनकारक नव्हतं. पण झाला का सेझ? ठराव एकमताने मंजूर.

आणि मग कळलं, की नवा कागद जोडायचाच नाही. या रिव्ह्यूत अधिकाऱ्याची चूक काय झाली तेवढंच सांगायचं, आधी दिलेल्या कागदांच्या आधाराने. अर्ज ऑनलाइन. नानांनी विचारलं, तिकीट कुठे चिकटवायचं? त्यांनी कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवला होता. मुलीने सांगितलं, कार्डाने ८० पौंड भरायचे, म्हणजे नऊ हजारांच्या वर. नाना म्हणाले, इतक्यात आपल्याकडे खून पचतो. फॉर्ममध्ये 'सबब विनंती की' लिहायला जागा नव्हती. चुकीचा प्रकार निवडायचा होता, तर नाना म्हणाले, सगळेच निवड, पुढे युक्तिवादात बघू.

खरं सांगायचं तर त्यात अधिकाऱ्याची चूक काहीच नव्हती. बुधवारी पैसे कमी होते आणि त्याने कमी आहेत म्हटलं. मुलीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाशीच्या कन्सल्टन्सीतल्या टायवाल्या पोरानेही तिला तेच सांगितलेलं: रिव्ह्यू सोडा, जानेवारीच्या बॅचला नवा अर्ज करा. पण हे नानांना सांगणार कोण? नवा अर्ज हा शब्द नाना घरात उच्चारू देत नाहीत. "नवा अर्ज म्हणजे पहिला नकार बरोबर होता हे कबूल करणं. ही शरणागती आहे. आज नवा अर्ज कराल, उद्या म्हणाल तलाठी बरोबर होता!" कारखान्यातल्या कारागिरांनीही माना डोलावल्या. त्यांच्यापैकी कोणाचाही तलाठी बरोबर नव्हता.

गणपती आले, गेले. सप्टेंबरची बॅच सुरू झाली. रिव्ह्यूचा निकाल नाही. नाना रोज विचारत, "तारीख लागली का?" लांबलेल्या निकालाने त्यांची प्रकृती सुधारली होती. प्रलंबित प्रकरणात त्यांना ऊब वाटते. अनेक पक्षकार निकालानंतर त्यांच्याकडे यायचे बंद होतात, हे त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं.

मुलगी मात्र कॅलेंडर घेऊन बसली होती. अनंत चतुर्दशीनंतर मंडळांची, दुकानदारांची वसुली आली. चार बँका आणि दोन पतपेढ्यांतून तिने पैसा एका खात्यात गोळा केला. बापाचं चेकबुक आणि एटीएम कार्ड तिने आईच्या पातळांच्या घडीत ठेवलं आणि आईला सांगितलं, २८ दिवस बाबांनी लुगडं मागितलं तरी द्यायचं नाही. शिवाय वेळ अशी साधली, की पितृपक्ष लागला. पितृपक्षात हमरापूरचा माणूस साधा स्क्रू विकत घेत नाही. देवीच्या मूर्तींचा रंग आधीच येऊन पडलेला. पैसा जागचा हलला नाही. जे काम नानांच्या बारा पानांनी व्हायचं नव्हतं, ते पितरांनी फुकटात केलं. एकोणतिसाव्या दिवशी स्टेटमेंट निघालं, नव्या बॅचसाठी विद्यापीठाचं पत्र आलं, तिने रात्री मोबाईलवरून नवा अर्ज केला. आणि नवा अर्ज केला की जुना रिव्ह्यू आपोआप रद्द होतो, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे नानांचं अपील त्या रात्री वारलं. नानांना कोणी कळवलं नाही.

काही आठवड्यांनी व्हिसा मिळाला.

त्या दिवशी पडवीत जो जल्लोष झाला तो मी विसरणार नाही. नानांनी पेढे मागवले, मागच्या मूर्तींना दाखवले, बाकड्यावरच्या तीन पक्षकारांना दिले. "बघितलंत? अपील टांगतं ठेवलं, त्यांना धास्ती बसली, दिला व्हिसा! इंग्लंडला आपल्या फाईलची जरब बसली!" मुलगी नानांच्या पाया पडली. ती शहाणी आहे, म्हणून काही बोलली नाही. बाप काहीतरी सांगायला लागला होता. आईने त्याच्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मुलीला बोलावून घेतलं. म्हणाले, "निकालाची नक्कल दे." तिने व्हिसा मिळाल्याचा ईमेल छापून दिला. नानांनी तो शेवटाकडून वाचला. मग वरून वाचला. मग चष्मा काढला.

"यात मूळ आदेश रद्दबातल केल्याचं कुठे म्हटलंय?"

"नाही म्हटलं, नाना. पण व्हिसा दिलाय ना."

"दिलाय. पण का दिलाय? कारणमीमांसा नाही. आधी का नाकारला होता, आता काय पटलं, एक शब्द नाही. म्हणजे तो पहिला नकार अजून रेकॉर्डवर तसाच उभा आहे! असा मोघम आदेश टिकत नाही, बाय. उद्या कोणीही उठून आव्हान देईल."

"कोण देईल?"

"आपण."

त्या संध्याकाळी पडवीत दिवा जळत होता. मसुद्याचा विषय होता: "व्हिसा मंजूर केल्याचा आदेश कारणांअभावी फेरतपासणीस घेऊन, तोपर्यंत त्यास स्थगिती मिळणेबाबत." काकूंनी चहा देताना तो ओझरता वाचला आणि तशाच अनवाणी कळव्याला निघाल्या. तासाभरात मुलीचा बाप मागच्या दाराने आला, प्रिंटरची शाई काढून घेऊन गेला आणि स्वतःच्या कारखान्यात लाल रंगाच्या डब्यांमागे लपवून ठेवली. पुतण्याने इंटरनेटचा पासवर्ड बदलला. विमान सुटेपर्यंत सगळ्यांनी मिळून नीट बंदोबस्त केला.

नानांचं हस्ताक्षर अतिशय सुंदर आहे आणि पेणच्या पोस्टात त्यांची रोजची ओळख आहे, एवढंच त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.